नाट्याचं चिरेबंदी घर

आमच्या घरात पुन्हा कुत्रं आणायचं नाही, असं आईने ठरवून टाकलं होतं. आणि आईने एकदा ठरवलं की ते देवाने दिलेल्या कौलासारखं असायचं, पुन्हा विचारायला जायची सोय नाही. आधीची दोन कुत्री वाघाने नेली होती. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. पट्टेवाला कोणी बघितलाय, जो दारात येतो तो वाघ. पहिलं कुत्रं मला आठवत नाही. दुसरी चांदी मात्र माझ्याबरोबर वाढलेली, अंगाने पांढरी आणि एक कान कायम पडलेला. एका संध्याकाळी आम्ही आत जेवत होतो. पानात कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका बांगडा. पडवीत एकदाच काहीतरी केकाटलं आणि लगेच सगळं गप्प झालं. आई कंदील घेऊन बाहेर गेली तेव्हा साखळी खांबालाच होती, तिच्या टोकाला तुटलेला पट्टा होता, आणि खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, सारवणावर ओढत नेल्याची रेघ दगडी कुंपणाच्या गडग्यापर्यंत गेली होती. आई आत आली, तिने हात धुतले आणि म्हणाली, "आता या दारात कुत्रं नको. वाघाला जेवण वाढायला मी पोसत नाय कुनाला."

आमचं घर सड्याखालच्या, म्हणजे कातळाच्या पठाराखालच्या, उतारावर. रत्नागिरीहून एसटीने यायचं, फाट्यावर उतरायचं आणि चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी उतरत वाडीत शिरायचं. बाबा आणि काका दोघेही मुंबईला गोदीत कामाला. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, तेव्हा घरात विडीचा आणि साबणाच्या नव्या वडीचा वास यायचा. एरवी घर आम्हा तिघींचं. आई, माझी इंदूकाकी आणि मी. आई कमी बोलायची. तिचं बोलणं भाकरी थापण्याच्या आवाजात असायचं. तो आवाज सावकाश असला की ती मजेत आहे आणि जोरात असला की आपण परसात निघून जावं, हे मला फार लहानपणी कळलं. काकी उलटी. ती गुरांशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, न्हाणीच्या चुलीत ओलं लाकूड धुमसलं तर त्या लाकडाच्या सात पिढ्या उद्धरायची. ती लग्न होऊन आली तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते, आणि ती माझी काकी कमी, मोठी बहीणच जास्त. ज्या वर्षाची ही गोष्ट सांगते आहे त्या वर्षी मी सातवीत होते. हातपाय लांब झालेले, अंगात नको तेवढी ताकद आणि ती कुठे घालवायची ते कळत नव्हतं.

पिल्लू आणलं ते मामाने. आईचं माहेर नाटे. मामा तिकडून यायचा तो कधी रिकाम्या हाताने यायचा नाही, सुकट, सोडे, कधी मिठात घातलेले मासे. भातकापणी उरकल्यावर तो आला आणि त्याने खळ्यात टोपली ठेवली. काकीने मासे म्हणून केळीचं पान बाजूला केलं, तर आत बदामी रंगाचं, माशांचा वास लागलेलं एक पिल्लू झोपलेलं.

"ह्या काय रे?" आईने विचारलं.

"कुत्रो," मामा म्हणाला. "दारात भुकणारं कुनी नाय गो ताई, त्या घरात चोर पन पावन्यासारखो येतो."

"मागारी ने."

"नेतो. पुढच्या वेळी येन तेवा नेतो. आता एसटीत कंडक्टर घेनार नाय."

येताना घेतलं ते जाताना कसं घेणार नाही, हे आईने विचारलं नाही. बहुतेक मुद्दामच विचारलं नाही. मामा जेवला, झोपला आणि दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन, पिल्लू ठेवून गेला. "त्याला नाव ठेवू नका," आईने आम्हाला बजावलं. "नाव ठेवलं की जीव लागतो." पण तोवर काकीची त्याला तीनदा 'नाट्या' म्हणून हाक मारून झाली होती. नाट्याहून आला म्हणून नाट्या.

रात्री त्याला कोंबड्या झाकायच्या मोठ्या डालग्याखाली ठेवायचो आणि डालग्यावर पाटा. घरात घ्यायची पद्धत नव्हती. आत धान्य, आत देव, आत चूल, आणि कोंडलं की तो दार ओरबाडत सगळी रात्र रडायचा. दिवसा मात्र तो माझ्या मागेमागे. शाळेतून मी पाखाडी उतरायला लागले की वरच्या वळणावरूनच त्याला माझी चाहूल लागायची आणि तो पायऱ्यांवरून धडपडत, अर्धा घसरत वर यायचा. पाटावरवंट्याच्या आवाजाने नाचायचा. काकीच्या हातची पेज तो अशी प्यायचा की शेवटी मडक्याचा तळ चाटताना मडकंच पुढे सरकत सरकत खळ्याच्या टोकाला जायचं आणि तोही त्याच्या मागे जायचा. मी आजही कुणाचं जेवणावरचं प्रेम बघितलं की मला ते सरकणारं मडकं दिसतं.

पण कुत्रं वाढतं. काजूला मोहोर दिसायला लागला तोवर नाट्या डालग्यात मावेनासा झाला. एकदा त्याने पाट्यासकट डालगं उलटं केलं. आई त्या दिवशी सुकट निवडत बसली होती. ती म्हणाली, "भाऊ आला की देऊन टाकायचा."

मी म्हटलं, "आपण त्याला घर बांधूया."

काकी हसली. "कसलं? झावळांचं?"

"चिऱ्याचं."

आईचे हात सुकटीत फिरत राहिले. कचरा एका बाजूला, सुकट एका बाजूला. वर न बघताच तिने विचारलं, "दार कसलं करशील?"

त्या क्षणाचं मला अजून नवल वाटतं. मी नुसतं बोलून गेले होते, पण आई त्या प्रश्नापर्यंत कधीचीच पोचलेली होती. चांदी गेली तेव्हापासून ती मनात भिंती उभ्या करत असणार, छप्पर घालत असणार, आणि दाराशी येऊन अडत असणार. कुत्रं नको म्हणणाऱ्या बाईने कुत्र्याचं घर मनात इतकं बांधून ठेवलं होतं.

आमच्या भाऊकीत तात्या म्हणून एक चुलत आजे होते. गवंडी. वाडीतल्या निम्म्या घरांच्या भिंती त्यांच्या हातच्या. आई डोक्यावरचा पदर सारखा करून त्यांच्याकडे गेली, मी तिच्याबरोबर. तात्या तंबाखू मळत होते. ऐकून घेतलं आणि इतके हसले की तंबाखू सांडली.

"सूनबाई, कुत्र्याला चिरेबंदी? उद्या कोंबड्यांना माडी बांदायला बोलावशाल. लोक म्हनतील तात्या म्हातारपनी कुत्र्यांचा गवंडी झाला."

"मग आमीच बगतो," आई म्हणाली.

"बगा की. मांजराच्या धक्क्याने नाय पडलं म्हंजे झालं."

त्या संध्याकाळी भाकऱ्या अशा थापल्या गेल्या की काकीने मला खूण केली आणि आम्ही दोघी परसात जाऊन उभ्या राहिलो.

गोठा बांधला तेव्हाचे उरलेले जांभ्या दगडाचे चिरे घरामागे शेवाळ धरून पडले होते. ते आम्ही खळ्याच्या कडेला, गोठ्याच्या बाजूला आणायला लागलो. ज्यांनी चिरा उचलला नाही त्यांना सांगते, तो दिसतो त्यापेक्षा जड असतो, आणि त्याच्या कडा हाताला खवणीसारख्या लागतात. आई आणि काकी चुंभळ करून डोक्यावरून आणायच्या. मला उचलायला बंदी होती म्हणून मी ढकलत, कोलांट्या घालत आणायचे. सकाळची भाकरी-भाजी झाली, गुरं सोडली की काम; दुपारी थोडी विश्रांती; मग उन्हं कलेपर्यंत परत काम. शाळा सुटली की मी दप्तर टाकून चिखल तुडवायला. तांबडी माती चाळायची, पाणी घालायचं आणि पायाने कालवायची. काकी म्हणायची, "तुड गो तुड, हा चिखल म्हंजे तात्या समज."

गवंडीकाम आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, पण भिंतीत राहणाऱ्या माणसाला भिंत थोडी कळतेच. दोन चिऱ्यांचा सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये, हे आईने गोठ्याच्या भिंतीकडे बघून सांगितलं. दोरीला दगड बांधून ओळंबा केला. जागा अशी निवडली की खाली सरळ कातळ होता, कारण वाघाला भिंत मोडता आली नाही तर तो खालून उकरणार, हे आईने आधीच धरलं होतं. तीन थर चढले. माझ्या कमरेएवढ्या भिंती. आम्ही तिघी त्यांच्याकडे उगाचच येता-जाता बघायचो. काकी तर गोठ्यातून शेणाची टोपली घेऊन जाताना वाट वाकडी करून जायची.

अडचण छपराची. कौलं घातली तर वाघ ती पंजाने उलथणार. पत्रा घातला तर उन्हात कुत्रं भाजणार, आणि पत्रा होता कुठे. आईने ठरवलं की वरचे थर दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आत सरकवत न्यायचे म्हणजे वरचं तोंड लहान होत जाईल आणि मग त्यावर एक मोठा दगड ठेवता येईल. बोलायला सोपं. पहिला आत सरकवलेला थर राहिला. दुसरा थर ठेवत होतो. मी दाराच्या मोकळ्या जागेतून वाकून आतल्या बाजूने चिखल भरत होते, काकी चिरा धरून होती. एकदम आईने माझी वेणी धरून मला मागे खेचलं. अशी खेचली की मी खळ्यात पाठीवर पडले. आणि मी होते तिथे चिरे धडाधड कोसळले. एकाने काकीच्या पायाचा अंगठा ठेचला. तिने त्या चिऱ्याला जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

गडग्यापलीकडून तात्यांचा आवाज आला, "सांगत व्हतो."

काकी लंगडत गडग्याकडे निघाली होती, आईने तिला हाताने थांबवलं. काकीच्या अंगठ्याला हळद लावली, माझं डोकं चाचपून बघितलं, आणि मग त्या पडलेल्या चिऱ्यांपुढे उकिडवी बसली. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. रागाने भाकऱ्या थापणारी आई मला माहीत होती. ही गप्प बसलेली आई मला माहीत नव्हती.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला गुरं परत आली आणि गाय गोठ्याच्या दारात अडून राहिली. पुढे जाईना. नाकपुड्या फुलवून ती काजूंच्या बाजूला बघत होती. एरवी गुरांवर भुंकणारा नाट्या गप्प होता; तो आईच्या पायांमध्ये शिरून बसला होता. मी गायीच्या नजरेने बघितलं. गडग्यावर तो बसला होता. घरच्या मांजरासारखा, शेपटी खाली सोडून, अगदी आरामात. इतका सुंदर प्राणी मी त्यानंतर पाहिला नाही आणि इतकी भीतीही मला त्यानंतर कधी वाटली नाही. तो आमच्याकडे बघत नव्हता, नाट्याकडे बघत होता. आईने ओरडा केला नाही. वाकली, आता चांगलं वजनदार झालेलं ते कुत्रं तिने दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं आणि हळू आवाजात म्हणाली, "इंदू, गाय आत घाल. सुमन, तू माझ्या मागे." काकीने गायीला आत लोटून कळशी दगडाने बडवायला सुरुवात केली तेव्हा कुठे तो उठला, आळस दिला आणि पलीकडे उतरला. पळाला नाही. उतरला.

त्या रात्री नाट्या माजघरात झोपला. माझ्या अंथरुणाशी. घराची पद्धत मोडली ती मोडली. दिवा मालवताना आई एवढंच म्हणाली, "उद्या पयल्यापासून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गायीला पेंढा काढायला उडवीकडे गेली. उडवी म्हणजे भाताच्या पेंढ्या गोल रचून केलेला ढीग. आमच्याकडे ती रचायचं काम आईचं. पेंढ्या एकावर एक, हळूहळू आत घेत वर शेंडी करायची. पेंढी उपसता उपसता ती थांबली. मी तिच्या मागेच होते. बाहेर आलेली एक पेंढी तिने वर-खाली हलवून बघितली. मग म्हणाली, "ही खाली का पडत नाय? हिच्या दुसऱ्या टोकावर वरच्या पेंढीचा भार हाय म्हनून. आपन चिरा पुढे सरकवला, पन त्याच्या ढुंगनावर कोन बसलंय?" आणि मग स्वतःच्या शब्दावर स्वतःच हसली. आईला असं मोठ्याने हसताना मी क्वचितच ऐकलं आहे.

पुढे लग्नानंतर मी बरीच वर्षं पोफळीला कॉलनीत राहिले. यजमान तिथे वीजघरात होते. डोंगर पोखरून आत केलेलं ते काम बघायला पाहुणे यायचे, थक्क व्हायचे. मीही व्हायचे. पण दरवेळी मनात यायचं, यांना आमच्या खळ्यातलं छप्पर दाखवायला हवं. हा माझा फाजील अभिमान असेल. असू दे. या वयात कोणाला हिशेब द्यायचा आहे?

आम्ही भिंती खालपासून दुहेरी केल्या. आत सरकवलेल्या प्रत्येक चिऱ्याच्या मागच्या टोकावर दुसरा चिरा बसवला. थर आत आत येत गेले आणि हलले नाहीत. दाराच्या दोन बाजूंच्या चिऱ्यांत वरपासून खालपर्यंत खाचा हव्या होत्या, म्हणजे त्यांत लाकडाची फळी सोडता येईल. त्या खाचा मी पाडल्या. जुन्या पहारीचं टोक आणि हातोडी घेऊन, रोज शाळेतून आल्यावर. चिऱ्याचा तांबडा भुगा डोळ्यांत जायचा, तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. काकी म्हणाली, "सोड गो, मी करते." मी सोडलं नाही. फळी पहिल्यांदा त्या खाचांतून सरसर खाली उतरली आणि तळाला टेकून 'ठक्' असा आवाज झाला, तेव्हा मला जे वाटलं ते पुढे परीक्षेच्या कुठल्याही निकालाने वाटलं नाही. फळी फणसाची, जुन्या पेटाऱ्याची. तिच्यावरून आडवा अडणा, म्हणजे ती ना आत ढकलता येईल ना वर उचलता येईल.

राहिला वरचा मोठा दगड. आईने घरात बघितलं, परसात बघितलं, आणि शेवटी विहिरीपाशी जाऊन उभी राहिली. तिथे आमचा धुण्याचा दगड होता. काळा, सपाट, पिढ्यान् पिढ्या कपडे आपटून गुळगुळीत झालेला.

"वैनी, नाय हं," काकी म्हणाली. "धुनी कशावर धुवायची?"

"चिऱ्यावर."

"लुगडी फाटतील."

"शिवू."

तो दगड दोघींना हलणारा नव्हता. काकी वाडीत फिरून आली आणि दुसऱ्या दिवशी बायका आल्या. ज्यांचे पुरुष मुंबईला त्या, आणि ज्यांचे घरी होते त्याही. कोणी पहार आणली, कोणी दोरखंड. माडाच्या ओंडक्यांवरून दगड गडगडत खळ्यात आणला. भिंतीला लागून मातीचा उतार केला होता, त्यावरून तो वर चढवायचा. खालून रेटणाऱ्या बायका, वरून दोर ओढणाऱ्या बायका, आणि मधे आई, पदर कमरेला खोचलेला, एकेक पाऊल सांगत होती. "थांबा. पाचर घाला. आता दम घ्या. आता." दगड जागेवर बसला तेव्हा पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटली. भिंतीतून चिखलाचा एक कणही निघाला नाही. मग सगळ्यांनी खळ्यात बसून ओल्या काजूंची उसळ आणि भाकरी खाल्ली. गडग्यापलीकडे तात्या उभे होते, आज गप्प. काकीने त्यांनाही वाटीभर उसळ नेऊन दिली आणि परत येताना फार ऐटीत चालली. अंगठा अजून ठणकत होता तरी.

तरीही आईचा भरवसा बसेना. "सुमन, आत जा," ती म्हणाली. मी रांगत आत गेले. फळी खाली आली, अडणा बसला. आत काळोख, ओल्या मातीचा गार वास, आणि भिंतीत ठेवलेल्या फटींतून येणाऱ्या उजेडाच्या रेघा. बाहेरून काकीने फळीला लाथा घातल्या, ओढून बघितलं, पहार घालून उचकटायला बघितलं.

"श्वास घेता येतोय ना?" आईचा आवाज.

"येतोय."

"भ्या वाटतंय?"

मी जरा विचार केला. "नाय," म्हटलं. ते खरं होतं. माझ्या आयुष्यात मी तितकी सुरक्षित जागा पुन्हा बघितली नाही.

नाट्याला आत जायला शिकवायला फार त्रास पडला नाही. भाजलेल्या बांगड्याचं डोकं आत ठेवलं की झालं. तिन्हीसांजेला तो आपणहून दाराशी जाऊन उभा राहायचा. आणि एका सकाळी आम्ही दार उघडून बाहेर आलो तर खळं उकरलेलं. रात्री त्याचं भुंकणं आम्ही तिघींनी भिंतीआडून ऐकलं होतं, एकमेकींचे हात धरून, ते किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. आणि मग ते थांबलं होतं. ते थांबणं भुंकण्यापेक्षा वाईट होतं. आता सारवणावर पंजे उमटलेले होते. नाट्याच्या घराच्या चारी बाजूंनी माती उकरून कातळ उघडा पडला होता. फणसाच्या फळीवर वरपासून खालपर्यंत नखांचे खोल ओरखडे पडले होते, आत पांढरं लाकूड दिसत होतं. आई पुढे झाली. अडणा काढला. फळी वर उचलली. आत काही हललं नाही. मग एक मोठी जांभई ऐकू आली आणि नाट्या बाहेर आला, पाठ ताणली, एक पाय वर करून आमच्या पिढीजात धुण्याच्या दगडाखालची भिंत भिजवली आणि पेजेच्या मडक्याकडे गेला.

काकी रडायला लागली आणि हसायलाही. आईने घराभोवती एक फेरी मारली, प्रत्येक चिऱ्यावर हात ठेवत. "एक पन हलला नाय," ती म्हणाली. आवाज साधाच होता, पण तिची मान त्या दिवसापासून वेगळी राहिली. हे मला आत्ता सुचलेलं नाही, तेव्हाच दिसलं होतं.

खबर वाडीत पसरली, मग खालच्या वाडीत. तात्या आले. पंज्यांचे ठसे बघितले, गुडघे टेकून आत डोकं घातलं, चिऱ्यांवर बोटांनी ठोकून बघितलं. बराच वेळ बाहेर येईनात. बाहेर आले तेव्हा केसांना चिखल लागला होता. "सूनबाई," ते म्हणाले, "छप्पर मना असं सुचलं नसतं. माझ्या दारातल्या कुत्रीला पिलं व्हायची हायत. येशाल काय?"

"येन की तात्या," आई म्हणाली. "पन चिरे तुमी उचला."

आणि त्यांनी उचलले. आई सांगायची आणि तात्या रचायचे, असं ते दुसरं घर झालं. मग तिसरं. आता पुतण्या मला मोबाइलवर बिबट्याचे व्हिडिओ पाठवतो, कोणाच्या अंगणातून गेला, कोणाच्या कॅमेऱ्यात दिसला. मी रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला जाते तिथे बायका त्याबद्दल बोलत असतात. मी त्यांना ही गोष्ट सांगते. काहींनी ती दोनदा ऐकली आहे, तरी सांगते. नाट्या म्हातारा होऊन, दात पडून, दुपारच्या उन्हात झोपेत गेला. आमच्या वाडीत असं मरण येणारा तो पहिला कुत्रा, असं काकी म्हणायची.

त्या वर्षी शिमग्याला काकांना रजा मिळाली नाही, एकटे बाबा आले. आईने पत्रातून काही कळवलं नव्हतं. खळ्यात पाऊल टाकताच ते थबकले. "ह्या काय? तात्यांनी बांदलं?"

"वैनीने बांदलं," काकी आतून ओरडली.

बाबा हसले. मग आईकडे बघितलं आणि हसायचे थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा ते खळ्यात पोटावर पालथे पडून आत बघत होते, आणि आई बाजूला बसून काड्यापेट्या एकावर एक ठेवून छपराचं त्यांना समजावून सांगत होती. एक पेटी पुढे, एक तिच्या मागच्या टोकावर. बाबांनी स्वतः रचून बघितलं. पडलं. "भार मागे," आई म्हणाली. पुन्हा रचलं. राहिलं. पालखी आमच्या खळ्यात नाचायला आली तेव्हा गावातली माणसं देवाच्या पाया पडून झाली की वाकून कुत्र्याचं घर बघत होती, आणि बाबा बाजूला उभे राहून गुलाल झटकत होते.

सुट्टी संपली. त्यांना पोचवायला मी फाट्यावर गेले. तिथे दुसऱ्या गावचा एक गृहस्थ पोतं घेऊन एसटीची वाट बघत बसला होता. त्याने बाबांना वाडी विचारली. बाबांनी सांगितली.

"अरे, म्हंजे वाघाला नाय हललं ते कुत्र्याचं घर बांदनारी बाय तुमच्याच वाडीतली? आमाला तिला बोलवायचं हाय. तुमी वळखता काय तिला?"

बाबांनी ट्रंक खाली ठेवली. सदऱ्याची कॉलर सारखी केली. "वळखता काय म्हंजे?" ते म्हणाले. "मी तिचा घोव." आणि मग ते त्या माणसाशेजारी बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. कातळ कसा निवडला, भिंती का पडल्या, उडवीपाशी काय झालं. पायाने मातीत रेघा ओढत, खडे एकावर एक ठेवत, जणू ते तिथे होतेच. वळणावर एसटीचा भोंगा वाजला. मी ट्रंक उचलली. एसटी आली, धुरळा उडाला, कंडक्टरने दार उघडून हाक मारली. बाबांनी त्याला हाताने पुढे जा म्हणून सांगितलं. छपराचं सांगायचं अजून राहिलं होतं.